उंदीर चालतात, मांजर नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाळीव प्राण्यासह बदलीच्या गावी परवडणारं घर कसं शोधावं, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखिकेचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘प्राण्याचा बायोडेटा तयार ठेवा’ हा सल्ला वाचून हसावं की रडावं कळेना. आमच्या ठमीचा बायोडेटा मी केला होता. वय, वजन, लसींच्या तारखा, नसबंदीचा दाखला, आधीच्या घरमालकांचं ‘कधीही त्रास झाला नाही’ असं सहीचं पत्र आणि वर एक हसरा फोटो (मांजर जितपत हसतं तितपत). नोकरीच्या मुलाखतीला मी स्वतः एवढी कागदपत्रं नेली नव्हती. तो कुणी उघडूनही पाहिला नाही. ‘मांजर आहे’ म्हटलं की पलीकडून ‘कळवतो’ एवढंच येई.

एक घर मात्र बजेटमध्ये बसलं. मालक समजूतदार आहेत, अशी एजंटची ग्वाही. स्वयंपाकघरात ओट्याखालचं कपाट उघडलं तर लेंड्यांचा सडा, कोपऱ्यात पिंजरा. मालक सहज म्हणाले, “जुनी इमारत आहे, थोडेफार उंदीर असायचेच.” आणि त्याच दमात, “मांजर मात्र नको हं, फार घाण करतात.” मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने एजंटकडे, एजंटने छताकडे. ठमी म्हातारी आहे, दिवसभर झोपते, विधी ट्रेमध्येच करते, सगळं सांगून झालं. अखेर मालक विरघळले. जास्तीचं डिपॉझिट द्यायचं, ते परत मिळणार नाही, शिवाय दरमहा मांजराचं वेगळं भाडं. परवडणारं घर दोन वाक्यांत परवडेनासं झालं. उंदरांकडून ते काय घेत होते, हे विचारायचं राहूनच गेलं. आता आम्ही ऑफिसपासून लांब, हिशेबाबाहेरच्या घरात राहतो.

लेखात परदेशातल्या कायद्यांचं कौतुक आहे. फ्रान्समध्ये १९७० पासून भाडेकरारातली ‘प्राणी नको’ ही अट निरर्थक ठरते, हे खरं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या २००६ च्या कायद्यातही तसंच आहे. पण तिथली मेख लेखिकेने सांगितलेली नाही. करार झाल्यावर केवळ मांजर आहे म्हणून घरमालक बाहेर काढू शकत नाही; करार करण्याआधी, दारातच, तो मांजर पाहून नाही म्हणू शकतो. म्हणजे आत बसलेल्याला संरक्षण आणि सामान बांधून उभ्या असलेल्याला नमस्कार. इंग्लंडने २०१९ साली डिपॉझिटवर मर्यादा घातली, तर अनेक घरमालकांनी प्राण्यापोटी दरमहा जादा भाडं लावायला सुरुवात केली. आता २०२५ च्या कायद्याने तिथल्या भाडेकरूला प्राणी पाळण्यासाठी लेखी अर्ज करता येतो आणि मालकाने एरवी २८ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. छानच. पण अर्ज करायला आधी भाडेकरू व्हावं लागतं! आमची मारामारी तिथेच होती.

‘घर मिळेपर्यंत प्राण्याला नातेवाइकांकडे ठेवा’ हे तर कुत्र्या-मांजरांतला फरक माहीत नसल्यासारखं आहे. मांजराचा जीव जागेत अडकलेला असतो. नव्या घरात आधी एकाच खोलीत, त्याच्या न धुतलेल्या अंथरुणासह ठेवा, असं पशुवैद्य सांगतात. लेखिका त्याला एकाऐवजी दोन घरं बदलायला लावतात. शिवाय मांजर सांभाळणारा नातेवाईक बदलीच्या काळात कुठून आणायचा, हेही त्यांनी सांगावं.

एक विनंती मात्र मनापासून करते. आपल्याच अंकातल्या ‘भाड्याने देणे’च्या छोट्या जाहिरातींत प्राणी चालतील की नाही आणि त्यासाठी जादा काय घेणार, हे लिहिणं सक्तीचं करा. नकार असेल तर तो छापलेला असू दे. निदान अंघोळ करून, रिक्षा करून, उंदरांच्या लेंड्या पाहून तो ऐकावा लागणार नाही.

आपली,
एक बदलीग्रस्त वाचक

ता. क. : लेखाचा अर्धा मजकूर तपकिरी चौकटीवर काळ्या बारीक अक्षरांत छापला होता. सासऱ्यांना तो भिंगानेही वाचता आला नाही, मलाच मोठ्याने वाचून दाखवावा लागला. त्यामुळे माझा राग दुप्पट झाला असल्यास ती जबाबदारी आपल्या छपाई विभागाची.