जिल्हा मिळाला, मतदारसंघ गेला: केंद्रीय विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय: लोकसभा मतदारसंघांच्या येत्या पुनर्रचनेत वाशिम जिल्हा एकसंध ठेवण्याबाबत आणि त्यासाठीची जनसुनावणी वाशिमला घेण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी वाशिम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातला मतदार. सोयाबीन-तूर पेरणारा माणूस, त्यामुळे दिल्लीशी माझा संबंध हमीभाव आणि पीकविमा यांच्यापुरता. तरी हे पत्र आपल्याच खात्याला लिहितो आहे, कारण मतदारसंघांच्या सीमा ज्या कायद्याने आखल्या जातात तो कायदा आपल्या खात्याचा. शिवाय एक जुनी ओळखही आहे. १९८२ साली याच खात्यात उपमंत्री म्हणून जे गेले, ते गुलाम नबी आझाद तेव्हा वाशिमचे खासदार होते.

वाशिम नावाचा लोकसभा मतदारसंघ १९७७ च्या निवडणुकीपासून होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला. आता आमचं नाव ‘यवतमाळ-वाशिम’ असं जोडनावात, शेवटी. नावाचं दुःख मला फारसं नाही. पण त्या मतदारसंघाचा इतिहास पुढच्या नकाशाआधी आपल्या टेबलावर असावा, एवढ्यासाठी थोडं मागे जातो.

इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात सहा जिल्हे होते आणि वाशिम त्यातला एक. त्यात तालुके तीन: वाशिम, मंगरूळ आणि पुसद. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९०५ मध्ये सहाचे चार जिल्हे झाले. वाशिम जिल्हा मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला दिले, पुसद यवतमाळला. कारभार सोपा व्हावा म्हणून केलेली वाटणी ती, आणि इथल्या कुणाला विचारायचा तेव्हा प्रश्नच नव्हता. परकं सरकार, त्यांचं चाललं.

लोकसभेच्या रूपाने हे जुनं नातं पुन्हा जुळलं असं मला वाटतं, कारण १९७७ मध्ये वाशिमचे पहिले खासदार झाले ते पुसदचे वसंतराव नाईक. अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री राहिलेला माणूस. उत्तरेत काँग्रेसचा धुव्वा उडाला तेव्हा विदर्भाने बहुतेक ठिकाणी तिला हात दिला, त्यातली ही जागा. नाईक साहेब १८ ऑगस्ट १९७९ ला गेले आणि चारच दिवसांनी लोकसभा विसर्जित झाली. त्यामुळे इथे पोटनिवडणूक झालीच नाही. पुढचा खासदार १९८० च्या सार्वत्रिक निवडणुकीतूनच आला.

तो आला थेट जम्मू-काश्मीरहून. आझाद तेव्हा जेमतेम तिशीचे. वाशिमने त्यांना १९८० ला निवडलं आणि १९८४ ला पुन्हा निवडलं. पक्षाच्या लाटेत आले असं कुणी म्हणेल, आणि ते खोटंही नाही. पण जात, गाव, पाहुणेरावळे यावरच आमचं मत ठरतं असं जे मुंबई-पुण्यात बसून लिहिलं जातं, त्यांनी हा निकाल एकदा वाचावा. या भागाने दूरच्या माणसाला नाही म्हटलेलं नाही. नंतर १९८९ आणि १९९१ ला अनंतराव देशमुख, १९९६ ला शिवसेनेचे पुंडलिकराव गवळी, १९९८ ला सुधाकरराव नाईक. एकाच मतदारसंघातून काका आणि पुतण्या खासदार, आणि दोघेही माजी मुख्यमंत्री. पुढे १९९९ आणि २००४ ला भावना गवळी. वाशिमची यादी तिथेच संपते.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा जिल्हा झाला. ९३ वर्षांनी परत मिळालेला जिल्हा, आणि तारीखही वसंतरावांच्या जन्मदिवसाची. कलेक्टर कचेरी आली, एसपी ऑफिस आलं, जिल्हा परिषद आली. अकोल्याच्या खेपा थांबल्या. आणि दहा वर्षं व्हायच्या आत, मतदारसंघांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या न्या. कुलदीप सिंग आयोगाचा आदेश १९ फेब्रुवारी २००८ ला लागू झाला. वाशिम मतदारसंघ गेला, विधानसभेचे मेडशी आणि मंगरुळपीर हेही गेले.

आता गणित मांडतो, कारण आयोग गणितावर चालतो आणि ते मला मान्य आहे. आयोगाने २००१ ची जनगणना धरली. महाराष्ट्रात ४८ जागा, म्हणजे एका खासदारामागे साधारण वीस लाख माणसं. वाशिम जिल्हा तेव्हा दहा लाखांच्या आसपास. एकट्या वाशिमला खासदार मिळणं शक्य नव्हतं, आजही नाही. ज्या सभांमध्ये ‘वाशिमला स्वतंत्र खासदार’ अशी घोषणा होते तिथे मी टाळी वाजवत नाही.

पण आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ, त्यातले अर्धे म्हणजे तीन, आणि वाशिम जिल्ह्यात आहेतच तीन: रिसोड, वाशिम, कारंजा. तिन्ही एकत्र ठेवून शेजारचे तीन जोडता आले असते. झालं काय? अकोला जिल्ह्याकडे पाच विधानसभा होत्या, सहावी कमी पडत होती. ती रिसोडने भरून काढली. रिसोड आणि मालेगाव हे दोन तालुके अकोल्याचा खासदार निवडतात. उरलेले चार तालुके यवतमाळ, दिग्रस, पुसद आणि राळेगावच्या सोबतीने. वाशिमपासून राळेगाव दीडशे किलोमीटरहून लांब, यवतमाळच्याही पलीकडे. भावना गवळी २००९ पासून सलग तीनदा यवतमाळ-वाशिमच्या खासदार राहिल्या, आणि २०२४ ची विधानसभा लढल्या रिसोडमधून, जे रिसोड लोकसभेला अकोल्यात मोडतं.

यवतमाळची तर आमच्याहून जास्त फाळणी आहे. सात विधानसभांपैकी वणी आणि आर्णी चंद्रपूरला, उमरखेड थेट मराठवाड्यात हिंगोलीला. एका जिल्ह्याला तीन खासदार. वरवर पाहता जास्त खासदार म्हणजे जास्त ताकद वाटते. गावात मात्र उलटा अनुभव येतो. रस्ता राहिला की एक म्हणतो, तो माझ्या हद्दीत नाही. दुसरा म्हणतो, तुमचा जिल्हा माझा नाही.

हे नुसतं रडगाणं नाही. केंद्राच्या योजनांवर देखरेख करायला जी ‘दिशा’ समिती असते ती जिल्ह्यानुसार बसते आणि तिचा अध्यक्ष खासदार असतो. वाशिम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रातून असे चारच निवडले गेले. तीही यादी जिल्ह्याची. म्हणजे केंद्र पैसा, आकडे आणि जाब जिल्ह्यानुसार मागतं, आणि त्याच जिल्ह्याचा लोकसभेतला आवाज दोन तुकड्यांत. त्यात रेल्वेची तऱ्हा निराळीच. वाशिम स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, तर कारंज्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला मध्य रेल्वेकडे, आणि तीही वर्षानुवर्षं बंद. कुठल्या खासदाराने कुठल्या महाव्यवस्थापकाला भेटायचं हे ठरवण्यातच अधिवेशन संपतं.

महोदय, २००२ च्या परिसीमन (मतदारसंघ पुनर्रचना) कायद्याचं नववं कलम आपल्याला मी सांगावं असं नाही. मतदारसंघ सलग असावा. नैसर्गिक रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, असं त्यात म्हटलं आहे. वाशिमच्या बाबतीत यातलं काय पाहिलं गेलं? पाहिलं असेलही. पण ते आम्हाला कधी कुणी समजावून सांगितलं नाही. महाराष्ट्रासारख्या राज्यातून दहा सहयोगी सदस्य आयोगाबरोबर बसतात, पाच खासदार आणि पाच आमदार, पण त्यांना मताचा अधिकार नाही. आणि आदेश एकदा निघाला की सहसा कोर्टात दाद मागता येत नाही. म्हणून आमच्यासारख्यांच्या हातात एकच गोष्ट उरते, जनसुनावणी. ती चुकली की पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली.

८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. दक्षिणेच्या किती जागा घटतील आणि उत्तरेच्या किती वाढतील यावर टीव्हीवर रोज भांडणं चालतात, ती चालू द्यात. पण राज्याला जागा कितीही मिळोत, राज्याच्या आतली रेष कुठून जाणार यावर कुणी बोलत नाही, आणि आमचं सगळं त्या रेषेवर आहे.

म्हणून मागणं असं. वाशिमच्या तिन्ही विधानसभा, किंवा नव्या रचनेत जितक्या होतील तितक्या, एकाच लोकसभा मतदारसंघात ठेवाव्यात. जोडीला पुसदकडचा भाग यावा की अकोल्याकडचा, यावर इथे दोन मतं आहेत. माझं मत पुसदच्या बाजूने, कारण मागे सांगितलंच. मालेगावचा माणूस कदाचित अकोला म्हणेल, त्याची बाजारपेठ तिकडे आहे. हे ऐकून घ्यायलाच सुनावणी असते. ती नागपूर-मुंबईला न घेता वाशिमला घ्या, किमान एक दिवस. नागपूरला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि भाडं दोन्ही जातं. तिथे पोचतात ते गाडीवाले पुढारीच. मसुदा नुसत्या राजपत्रात न ठेवता मराठीत, गावांच्या यादीसह, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आणि ज्या हरकती फेटाळल्या जातील त्यांचं कारण दोन ओळींत लिहून द्या. अकोल्याला सहावी विधानसभा हवी म्हणून रिसोड दिलं, एवढं जरी २००८ ला स्पष्ट लिहिलं असतं तरी निदान आम्ही अकोल्याला लागून असलेल्या खामगावकडे बोट दाखवलं असतं. बुलडाण्यातलं मलकापूर खानदेशातल्या रावेरला जाऊ शकतं, तर इतर पर्यायांवरही बोलता आलं असतं. रिसोड काढलं की अकोल्याला दुसरं काही द्यावं लागेल आणि त्याचा धक्का बुलडाणा, वर्धा असा पुढे सरकत जाईल, हे मलाही कळतं. तो धक्का कुणी सोसायचा हे उघड्यावर ठरावं.

सुनावणी सोयाबीन काढणीच्या दिवसांत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या मधे ठेवू नये. त्या काळात वावरातून माणूस हलत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवलीत तर मंगरुळपीरहून आम्ही एक एसटी भरून येऊ.

कळावे,
आपला,
मंगरुळपीर तालुक्यातला एक मतदार
(जि. वाशिम, मतदारसंघ यवतमाळ-वाशिम)