बाइट्स मोजताना

प्रिय मित्रा,

हल्ली काय चाललंय म्हणून विचारलं होतंस. बाइट्स मोजतोय, स्क्रीनला बोट लावून. हसू नकोस.

एका बायनरी फाइलमधली माहिती वाचणारा कोड लिहित होतो. हेडरमध्ये दोन बाइट्सची लांबी. हेक्सडंप (फाइलचे बाइट्स सोळाच्या अंकपद्धतीत दाखवणारा प्रोग्राम) चालवला, तिथे दिसलं ००१०. म्हणजे १६. मोठ्या किमतीचा बाइट आधी, असं धरून कोड लिहिला, तर उत्तर आलं ४०९६. पुन्हा डंप पाहिला, पुन्हा ००१०. मग चूक शोधत अख्खी संध्याकाळ भलतीकडेच भटकलो. पॉइंटर तपासले, वाचायची जागा तपासली, कंपायलरवरसुद्धा संशय घेऊन झाला. शेवटी वैतागून तीच फाइल एक्सएक्सडी या हेक्सडंपच्याच भावंडाने उघडली, तर तिथे १०००!

फाइलमध्ये आधी १० आणि मग ००, असेच बाइट्स होते. हेक्सडंपला काही सांगितलं नाही तर तो दोन-दोन बाइट्सचा एक आकडा धरतो, आणि आपल्या मशीनवर लहान किमतीचा बाइट आधी असल्याने जोडी उलटी करून दाखवतो. एक्सएक्सडीही जोड्याच दाखवतो, पण न उलटवता. दिसायला दोन्ही सारखेच! लिनक्सवरचा कुठलाही प्रोग्राम घेऊन बघ. सुरुवातीचे चार बाइट्स ७एफ ४५ ४सी ४६. एक्सएक्सडी म्हणतो ७एफ४५ ४सी४६, हेक्सडंप म्हणतो ४५७एफ ४६४सी. कच्चा डेटा म्हणून जे समोर येतं ते आधीच कुणीतरी वाचून ठेवलेलं असतं, आणि तसं कुठे लिहिलेलंही नसतं. राग आहे तो याचा. त्यांच्यातलाच ओडी तर १९७१च्या पहिल्या युनिक्सपासूनचा म्हातारा, अजून अष्टमानातच बोलतो. त्याला मी माफ केलंय, निदान तो ओळखू तरी येतो.

चालू प्रोग्राममध्ये डोकावायला वापरतो त्या जीडीबीची तऱ्हा आणखी वेगळी. 'म' हे अक्षर यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट्स घेतं: ई० ए४ एई. त्यातला पहिला बाइट प्रिंट करायला सांगितला तर जीडीबी म्हणाला: -३२ '\३४०'. एका ओळीत दशमान, अष्टमान आणि वर उणे चिन्ह, पण मी शोधत होतो तो ई० कुठेच नाही. प्रिंटला एक्स जोडला की मिळतो म्हणा, पण ते दर वेळी आठवायचं. आणि एक्सएक्सडीच्या उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात तर आपली सगळी मराठी म्हणजे नुसते टिंबच टिंब. खरा पूर्णविराम, म्हणजे २ई, तोही टिंबच. कुठला खरा आणि कुठला 'दाखवता येत नाही'वाला, ते डावीकडे जाऊन मोजायचं. म्हणून ते बोट!

आणि ती चांदणी! एकसारख्या ओळी आल्या की हेक्सडंप त्या गिळतो आणि एक * ठेवतो. मला वाटलं, एखाददुसरी शून्यांची ओळ असेल. मग डावीकडचा पत्ता पाहिला, तर मधले ४ केबी गायब.

आता हेक्सडंपला कायमचा -सी (कॅपिटल) हा पर्याय जोडून टाकलाय, म्हणजे बाइट्स सुटे आणि जसेच्या तसे दिसतात. -व्हीसुद्धा, चांदणी नको म्हणून. पण परवा दुसऱ्याच्या मशीनवर बसलो, सवयीने नुसतं हेक्सडंप टाइप केलं, आणि पाच मिनिटं पुन्हा ४५७एफकडे बघत बसलो.

तू काय वापरतोस ते कळव.

तुझा,
तोच तो बाइटमोज्या