वरचा मजला कुलूपबंद आणि घरासाठी वणवण

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

यंदा मार्च ते मे असे तीन महिने मी इंदुरात भाड्याचं घर शोधत होते. माझ्यासाठी नव्हे, भाच्यासाठी. त्याची नाशिकहून इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात बदली झाली. तो मार्चमध्येच रुजू झाला आणि आमच्याकडे राहू लागला. भाचेसून दोन मुलांना घेऊन नाशिकलाच थांबली. आमच्या दोन खोल्यांत सगळ्यांचा संसार मावणं शक्य नव्हतं. त्या तीन महिन्यांत जे पाहिलं, ते आपल्या वाचकांपर्यंत आणि विशेषतः इंदूरच्या मराठी घरमालकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

नाशिकचा मुंबई-आग्रा रस्ता आणि आमचा एबी रोड हा एकच रस्ता. अंतर 400 किलोमीटरच्या आसपास. तरी दर रविवारी मुलांना घेऊन घर बघायला येणं कुठल्या बाईला जमेल? मग उरतो फोन. फोनवर हॉल दिसतो, बाल्कनी दिसते, ट्रॉल्या लावलेलं स्वयंपाकघर दिसतं. घरात राहायला लागल्यावर ज्या गोष्टींनी जीव मेटाकुटीला येतो, त्यातली एकही दिसत नाही.

राऊच्या बाजूला एका मल्टीत (फ्लॅटच्या इमारतीला आम्ही इंदूरचे लोक मल्टीच म्हणतो) दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाचेसुनेला फार आवडला होता. दलाल फोन फिरवून दाखवत होता, तेव्हा ती म्हणाली, "नळ सोडून दाखवा ना." तो म्हणाला, "मॅडम, अभी मोटर बंद है." दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मीच जाऊन उभी राहिले. नळाच्या तोंडाशी पांढऱ्या क्षाराचं जाड कडं जमलेलं होतं. पाणी आलं ते आधी फुरफुरत, मग करंगळीएवढ्या धारेनं. पर्समधल्या साबणाच्या वडीने हात धुवायला गेले तर फेसच येईना. ते बोरिंगचं पाणी होतं, नर्मदेची लाइन तिथवर पोचलेलीच नव्हती. खाली चौकीदाराजवळ टँकरची वही होती. त्याने सरळ मनाने उघडून दाखवली. एकट्या एप्रिलच्या पानावर 11 टँकरांच्या सह्या होत्या, आणि मे अजून लागायचा होता. टँकरचे पैसे महिन्याच्या मेंटेनन्समध्ये नव्हते, ते वेगळे. यातलं अक्षरही फोनवर कुणी बोललं नव्हतं.

बाहेरून येणाऱ्यांना हे कळावं कसं? इंदूरला पाणी येतं ते नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, घाट चढवून. 1978 साली नर्मदा शहरात आली, तेव्हापासून 'तुमच्याकडे नर्मदा आहे का?' हा इथला पहिला प्रश्न असतो. बहुतेक वस्त्यांत ती एक दिवस आड येते. जिथे येते तिथे टाकी केवढी आहे हे विचारायचं, जिथे येत नाही तिथे बोरिंग उन्हाळ्यात आटतं का हे विचारायचं. आम्हाला हे अंगवळणी पडलंय, गोदाकाठच्या माणसाला ते सुचणारसुद्धा नाही.

विजेचंही तसंच. मध्य प्रदेशात घरगुती वापर महिन्याला 150 युनिटांच्या आत राहिला तर पहिल्या 100 युनिटांना 100 रुपयेच पडतात. पण ही सवलत वीज कंपनीच्या मीटरवर मिळते. घरमालकाने आतल्या आत सबमीटर बसवला असेल तर भाडेकरूला ती नाही. आम्ही पाहिलेल्या दोन घरांत युनिटला 10 रुपये सांगितले. भाडं हजाराने कमी म्हणून खूश व्हायचं आणि तो हजार विजेत भरायचा.

एका ठिकाणी आम्ही फसलोही. घर बरं होतं, पाणी होतं, फोनवर 5,000 रुपये टोकन पाठवलं. चौथ्या दिवशी कळलं, जास्त भाडं देणारं कुणी मिळालं म्हणून घर त्यांना गेलं. टोकन परत मिळायला 19 दिवस लागले, रोज एक फोन मी केला. पावती नव्हती, काही लिहिलेलं नव्हतं, दोष आमचाही होता. इतरांचं तर याहून वाईट होतं. मालक म्हणवणारा कुणीतरी 'पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणतो आणि खातं रिकामं करतो. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढं तरी प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

आणि हे सगळं घड्याळाच्या काट्यावर. महाराष्ट्रात मुलांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, शाळा उघडणार जूनच्या मध्याला. इथे नवं सत्र 1 एप्रिललाच सुरू. नाशिकला थोरली पाचवीचे पेपर लिहीत होती, तेव्हा इथे सहावीची पुस्तकं वाटून झाली होती. प्रवेशाला गेलं की शाळा समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक मागते, कुटुंबाचा 8 अंकी आणि प्रत्येक माणसाचा 9 अंकी. तो काढायला इथला पत्ता हवा, पत्त्याला भाडेकरार हवा आणि करार करायला आधी घर हवं. त्यात काही मालक म्हणतात, करार-बिरार नको, तोंडी ठरवू. तोंडी ठरवलं की मुलं शाळेबाहेर, आणि भाच्याच्या घरभाडे भत्त्याचे कागदही अडले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. दलाल आम्हाला निपानिया, सुपर कॉरिडॉर दाखवत राहिले. पीथमपूर धार जिल्ह्यात, शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. रोज अख्खं इंदूर ओलांडायचं का त्या पोराने? त्याला राजेंद्र नगर किंवा राऊच सोयीचं. आणि राजेंद्र नगरात, जिथे गल्लीगल्लीत मराठी आडनावांच्या पाट्या आहेत, तिथे कितीतरी घरांचे वरचे मजले बंद आहेत. मुलं पुण्याला, बेंगळुरूला. खाली दोघंच म्हातारी माणसं. वर गाद्यांच्या वळकट्या आणि मुलाची जुनी सायकल.

अशाच एका घरात मी भजनाच्या ओळखीने गेले. काकू लगेच किल्ली घेऊन उठल्या, काका मात्र बसूनच राहिले. म्हणाले, "भाडेकरू ठेवला आणि उद्या निघालाच नाही तर? या वयात कोर्टात कोण जाणार?" त्यांच्या ओळखीतल्या एकाचं घर वर्षानुवर्षं अडकून पडलंय. ती भीती खरी आहे, मी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी भाच्याला घेऊन गेले, त्याच्याबरोबर त्याचं कंपनीचं पत्र होतं. दोन तास बोलणं झालं. 11 महिन्यांचा लेखी करार, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती आधी द्यायची, अनामत दोन महिन्यांचं भाडं. केंद्राने 2021 साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडे कायद्यातही राहत्या घरासाठी अनामतीची मर्यादा दोन महिन्यांचीच आहे. विजेचं स्वतंत्र मीटर वर होतंच. नर्मदा एक दिवस आड, टाकी मोठी. काकांनी करार तीनदा वाचला आणि सही केली. दोन वर्षं ते घर बंद होतं. माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर, आणि आम्ही तीन महिने शहर पालथं घालत होतो.

माझी इंदूरच्या आपल्या मराठी मंडळांना कळकळीची विनंती आहे. गणपतीच्या वर्गणीला कार्यकर्ते दारोदार जातात. कुठल्या घराचा वरचा मजला रिकामा आहे हे त्यांच्याइतकं कुणालाही ठाऊक नसतं. मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवा. ज्या मालकांची तयारी असेल त्यांचं नाव लिहा, आणि पुढे भाडं, अनामत, नर्मदा आहे की बोरिंग, मीटर स्वतंत्र की सब, करार लेखी करणार की नाही. बाहेरगावच्या कुटुंबासाठी मंडळातल्या कुणीतरी एकदा जाऊन नळ उघडून पाहावा आणि आलेल्या कुटुंबाची मालकांशी समोरासमोर गाठ घालून द्यावी. काकांसारख्या माणसांना भीती वाटते ती अनोळखी माणसाची. मधे ओळखीचं कुणी उभं राहिलं की ते ऐकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

घरमालकांनाही सांगायचं आहे. नातवंडं दिवाळीत चार दिवस येतात म्हणून वर्षभर मजला बंद ठेवू नका. एक खोली त्यांच्यासाठी राखा हवं तर, आमच्या काकूंनी तसंच केलंय.

ही वही फेब्रुवारी संपायच्या आत तयार हवी. मार्चमध्ये बदल्यांचे कागद निघतात आणि 1 एप्रिलला शाळेची घंटा होते. आमच्या भजनी मंडळाकडून पहिली सहा घरं मी लिहून द्यायला तयार आहे.

आपली नम्र,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर