माळ्यावरचा नेब्युलायझर खाली काढा

वर्तकनगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर आणि घोडबंदर रस्त्यावरच्या रहिवाशांना आमच्या रुग्णसाहित्य केंद्राची विनंती.

ट्रॅकिओस्टॉमी झालेले, म्हणजे गळ्यातून थेट श्वासनळीत नळी बसवलेले पेशंट बरेचदा ती नळी घेऊनच घरी येतात. कुणाला पक्षाघात, कुणाच्या डोक्याला मार, कुणाचे घशाच्या कॅन्सरचे ऑपरेशन. नाक हवा गाळते, ऊबदार आणि ओलसर करते. यांची हवा नाकातून जातच नाही. घोडबंदरची धूळ सरळ आत. श्वासनळीला सूज येते, कफ घट्ट होतो आणि नळीत सुकून बसला तर श्वास अडतो. त्यासाठी नेब्युलायझर, म्हणजे द्रवाचा बारीक फवारा करणारे यंत्र. ०.९ टक्के सलाइनच्या बारीक फवाऱ्याने कफ सुटतो आणि सक्शनने, म्हणजे यंत्राने ओढून, काढता येतो. सूज जास्त असेल तर डॉक्टर ब्युडेसोनाइडसारखे स्टेरॉइडही त्यातूनच देतात. ते मात्र त्यांनी सांगितले तरच.

मध्यंतरी आमच्याकडून यंत्र नेलेल्या एक ताई दोन दिवसांनी परत आल्या. सासऱ्यांना काही फरक नाही म्हणाल्या. त्या मास्क नाकाला लावत होत्या! चूक आमची, आम्हीच त्यांना नेहमीचा मास्क दिला होता. या पेशंटना गळ्यावर बसणारा ट्रॅक मास्क लागतो. तो आमच्याकडे नव्हताच.

तर हवे ते असे. घरात पडून असलेले कॉम्प्रेसर नेब्युलायझर आणि सक्शन मशीन. बॅटरीवर चालणारे असेल तर फारच उत्तम, कारण वीज गेली म्हणून कफ थांबत नाही. बंद पडलेलेही आणा, दुरुस्तीचे आम्ही बघू. अल्ट्रासोनिक मशीन नको, ब्युडेसोनाइड त्यातून नीट जात नाही. मास्क, औषधाचा कप आणि सक्शन कॅथेटर मात्र सीलबंद नवेच द्या, एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. उरलेली औषधे कृपया आणू नका. औषधासाठी मदत करायची असेल तर आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी पाहून दुकानदाराचे बिल थेट भरतो, त्यात हातभार लावा. रोख असो वा चेक, पावती मिळेल.

काही जण संकोचतात. माणूस गेला, त्याचे यंत्र दुसऱ्याला कसे द्यायचे? आम्ही ते पुसून, फिल्टर बदलून देतो, आणि नेणारे कधी विचारत नाहीत कुणाचे होते.

केंद्र रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडे असते. जिने उतरणे जमत नसेल तर निरोप द्या, आमची मुले घरी येऊन घेऊन जातील.