हीट पंपवाल्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई,

व्हॉट्सॲपवर थँक्यू लिहिलं की तुम्ही नुसता अंगठा पाठवून मोकळ्या होता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. इंग्लंडात जुन्या घरात गॅस बॉयलर आणि रेडिएटर असलेल्या आपल्या मंडळींनीही वाचा, कामाला येईल.

आमचं रेडिंगचं घर 1930 च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड, कॉम्बी बॉयलर (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा गॅसचा बॉयलर) शेवटच्या घटका मोजत होता. त्या जागी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर घरात आणणारं यंत्र, बसवायला सरकारची 7,500 पाउंडांची ग्रँट आहे, ती इन्स्टॉलरच अर्ज करून बिलातून वजा करतो, म्हणून कोटेशन मागवलं तर एक जण घरात एक चक्कर मारून 12 किलोवॉटचा पंप, बफर टँक (पंप आणि रेडिएटरांच्या मधली पाण्याची टाकी), सगळे रेडिएटर नवे, सगळी पाइपिंग नवी असं ठोकून गेला. मी तुम्हाला फोन केला तो ब्रँड कुठला घेऊ हे विचारायला आणि तुम्ही विचारलंत, वर्षाला गॅस किती जाळता? 14,000 युनिट म्हटल्यावर तुमचं तिथल्या तिथे उत्तर, या घराला 12 किलोवॉट लागूच शकत नाही! नंतर येऊन खोलीखोलीची मापं घेतलीत, भिंती, खिडक्या, पोटमाळ्यातलं इन्सुलेशन सगळं धरून बाहेर उणे 2 असताना घराला लागणारी उष्णता 6 किलोवॉटच्या जरासं वर आली. उगाच मोठा पंप घेतला की हलक्या थंडीत त्याला तेवढं खाली येता येत नाही, सारखा चालू-बंद होतो, वीजही खातो आणि कॉम्प्रेसरही झिजतो.

पण मला सगळ्यात आवडलं ते फुकटातलं. कडक थंडी पडली की बॉयलरचं पाणी 50 अंशांवर आणून ठेवा आणि बघा कुठली खोली कुरकुर करते, म्हणालात. मागची बेडरूम आणि एक्स्टेंशन, बास, बाकी घर मस्त गरम. रेडिएटरवर जे वॉट लिहिलेले असतात ते पाणी खोलीपेक्षा 50 अंश गरम धरून लिहिलेले असतात, 45 चं पाणी सोडलं तर तोच रेडिएटर साधारण तिसरा हिस्सा उष्णता देतो, हे तुम्ही सांगेपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. मग त्या दोनच ठिकाणी सिंगल पॅनलच्या जागी त्याच लांबीचे डबल पॅनल बसवले, म्हणजे पाइपांची तोंडंही हलवायला लागली नाहीत.

पाइपांचं तर काय सांगू. लँडिंगच्या कोपऱ्यातला गालिचा उचलून, गुडघ्यावर बसून व्हर्नियर लावलात, 10 मिलिमीटर! बॉयलरमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात 20 अंशांचा फरक असतो, हीट पंपात 5 चा, म्हणजे तेवढीच उष्णता न्यायला चौपट पाणी फिरवायला लागतं, म्हणून बारीक पाइपांची सगळ्यांना धास्ती. तुम्ही हिशोब करून दाखवलात की वरच्या छोट्या खोल्यांना तेवढं पुरतं, फक्त हॉलची लाइन जाड केली. बफर टँकही काढायला लावलात, त्यात गरम आणि परतीचं पाणी मिसळून फुकट तापमान जातं म्हणून.

बाहेरच्या युनिटमध्ये उष्णता वाहून नेणारा वायू प्रोपेन, म्हणजे पेट घेणारा, त्यामुळे दारं-खिडक्या, नाल्या यांच्यापासून लांब ठेवायचं, आणि डीफ्रॉस्टचं, म्हणजे थंडीत युनिटवर साचलेला बर्फ ते स्वतःच वितळवतं त्याचं, पाणी पायवाटेवर न येता खडीच्या खड्ड्यात जिरेल असं, नाहीतर जानेवारीत तिथे बर्फ होऊन कोणीतरी आपटणार. पहिल्यांदा डीफ्रॉस्टची वाफ निघाली तेव्हा आई "अगं बाई, पेटलं!" म्हणून ओरडत आली, ते तुम्ही आधी सांगून ठेवलं होतंत म्हणून बरं.

बिलाचं खरं सांगतो, फार मोठी बचत नाही, इथे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग आहे. पण हवेनुसार पाण्याचं तापमान आपोआप कमी-जास्त होतं, थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही हा तुमचा हुकूम आम्ही पाळतोय, सीओपी, म्हणजे एक युनिट विजेमागे मिळणारी उष्णता, 3.8 च्या आसपास येतोय आणि गॅसचं मीटरच काढल्याने त्याचा रोजचा ठरलेला आकारही बिलातून वाचला. आईची भाकरी आता इंडक्शनवर लोखंडी तव्यावरच फडक्याने दाबून फुगते, तक्रार चालू आहे.

तुमची हिशोबाची एक्सेल मी स्लाऊच्या एका मित्राला दिलीये, तुमचं नाव सांगूनच. तो फोन करेल आणि पहिला प्रश्न ब्रँडचाच विचारेल, आधी गॅसची बिलं मागा.

तुमचा,
रेडिंगवाला