बायथलॉनच्या निकालात नेमबाजीही छापा

महोदय,

हिवाळी स्पर्धांचे निकाल आपल्या क्रीडापानावर येतात तेव्हा बायथलॉनच्या, म्हणजे बर्फावर स्कीने धावणे आणि रायफलची नेमबाजी अशा जोडशर्यतीच्या ओळीत खेळाडूचे नाव, देश आणि वेळ एवढेच असते. किती गोळ्या हुकल्या, हा आकडा गाळला की ती वेळ कशी झाली ते समजत नाही. बल्गेरियासारख्या लहान संघाच्या खेळाडूंवर तर त्यामुळे अन्यायच होतो.

एकातेरिना दाफोव्स्का ही रोडोपी डोंगरातल्या चेपेलारे गावची. 1998च्या नागानो ऑलिंपिकमध्ये, 22व्या वर्षी, तिने 15 किलोमीटरची वैयक्तिक शर्यत 54 मिनिटे 52 सेकंदांत जिंकली. हिवाळी ऑलिंपिकमधले बल्गेरियाचे ते पहिले सुवर्ण. या शर्यतीत चार वेळा रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी येऊन पाच-पाच गोळ्या झाडायच्या असतात आणि हुकलेल्या प्रत्येक गोळीमागे वेळेत अख्खे एक मिनिट वाढते. दाफोव्स्काची एकच हुकली. दुसऱ्या क्रमांकावरची युक्रेनची ओलेना पेत्रोवा अवघी 17.8 सेकंद मागे होती. दाफोव्स्काची आणखी एक गोळी चुकती तर सुवर्ण पेत्रोवाकडे गेले असते.

स्प्रिंटमध्ये किंवा पाठलागाच्या शर्यतीत एका चुकीला 150 मीटरची दंडफेरी असते आणि ती साधारण 25 सेकंदांत उरकते. तिथे पायांच्या जोरावर चूक भरून निघते. मोठ्या संघांकडे स्कीला मेण लावणाऱ्या तंत्रज्ञांचा ताफा असतो, त्यामुळे वेगात त्यांना गाठणे कठीण. नेम मात्र मेणावर अवलंबून नसतो. बल्गेरियाच्याच व्लादिमिर इलिएव्हचे 2019च्या ऑस्टरसुंड जागतिक स्पर्धेतले रौप्यही वैयक्तिक शर्यतीतलेच, 20 किलोमीटरचे. तेही 20 पैकी 20 साधणाऱ्या जर्मनीच्या आर्न्ड पायफरच्या मागे. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. बल्गेरियाच्या इरिना निकुलचिनाने 2002मध्ये पाठलागाच्या शर्यतीत ऑलिंपिक ब्राँझ मिळवले, म्हणून तिचे कौतुक वेगळे करायला हवे.

वरळीच्या रेंजवर नेमबाजी शिकलेल्यांना यातली अडचण लगेच कळेल. बायथलॉनचे लक्ष्य 50 मीटरवर असते आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये ब्राँझ जिंकले तेही 50 मीटर अंतरावरच. त्या प्रकारात दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते. बायथलॉनमध्ये झोपून मारताना लक्ष्य 45 मिलिमीटरचे आणि उभ्याने 115चे, त्यामुळे काम सोपे वाटते. पण इथे ताठ जाकीट नाही, किमान साडेतीन किलोची रायफल पाठीवर घेऊन चढ चढलेला असतो आणि नाडी मिनिटाला 160-170वर धावत असते. झोपून मारताना दंडावरच्या स्लिंगमधून, म्हणजे रायफलच्या पट्ट्यातून, नाडीचा ठोका थेट नळीत उतरतो आणि समोरची सायट, म्हणजे नेम धरायची खूण, हलते. म्हणून जाणता खेळाडू रेंजच्या अलीकडेच वेग कमी करतो. जो तसाच सुसाट येतो, त्याचे उभ्याने मारताना पाय थरथरतात आणि तो ट्रिगर हळू दाबण्याऐवजी झटकतो.

वारा ही दुसरी डोकेदुखी. सायट जुळवायची ती शर्यतीआधी. एकदा शर्यत सुरू झाली की सरावाची गोळी नाही. रेंजवरची वाऱ्याची निशाणे बघून सायट एक-दोन क्लिकने सरकवायची, नाहीतर नेम तेवढा बाजूला धरायचा. झुळूक फिरलेली लक्षात आली नाही तर गोळ्या ओळीने एकाच कडेला जातात. रेंजवरच्या एका थांब्यात तीन-चार हुकल्या आणि बाकी थांबे स्वच्छ, असा निकाल दिसला तर बहुधा वारा किंवा सायटीत शिरलेला बर्फ कारण असतो. प्रत्येक थांब्यात एकेक हुकली असेल तर खेळाडू दमला होता किंवा घाई करत होता.

हे सगळे वाचकाला चार आकड्यांत कळते. वेळेपुढे प्रत्येक थांब्यात हुकलेल्या गोळ्या 0+1+0+0 अशा छापाव्यात. वैयक्तिक शर्यतीत क्रम झोपून, उभे, झोपून, उभे असा असतो. स्प्रिंटला दोनच थांबे, त्यामुळे दोनच आकडे पुरतात. रिलेत मात्र एक काळजी घ्यावी. तिथे प्रत्येक थांब्याला तीन जादा गोळ्या हाताने भरता येतात आणि 0+2 याचा अर्थ दंडफेरी एकही नाही, जादा गोळ्या दोन वापरल्या, असा होतो. ही खूण चौकटीखाली एका ओळीत दिलीत तर घोटाळा होणार नाही.

– एक नेमबाजी प्रशिक्षक, दादर, मुंबई