शनिवारचे पाठकोरे कागद

आदरणीय बाईंस,
सादर नमस्कार.

माझा प्रबंध काल विद्यापीठात सादर झाला. आपले आभार मी घरी येऊन मानणारच आहे. पण पहिल्याच प्रकरणात अडकून पडलेल्या इतर संशोधक विद्यार्थ्यांच्याही वाचनात यावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी आपल्याकडे प्रथम आले, तेव्हा मराठी शब्दकोशांवरील या कामाला दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती आणि पहिल्या प्रकरणाचे अकरा खर्डे माझ्या पिशवीत होते, त्यांतला एकही मी कोणाला दाखवला नव्हता. एका तळटीपेतील सन पडताळण्यात आठवडा घालवायचा, मग सगळे प्रकरणच फिके वाटून पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करायची, असे चालले होते. झोप उडाली होती, मार्गदर्शकांचा फोन आला की छातीत धस्स होई. आणि या सगळ्याला मी काटेकोरपणा म्हणत होते. आपण खर्डे चाळले आणि एवढेच विचारलेत, "यातले कोणापासून काय लपवते आहेस?" मला उत्तर देता आले नाही, रडू मात्र आले.

त्यानंतर दर शनिवारी पाच पाठकोरे कागद हाताने लिहून आणायचे, खाडाखोड तशीच ठेवायची आणि नक्कल करायची नाही, असे आपण ठरवून दिलेत. पहिल्या शनिवारी कागद पुढे करताना माझा हात कापत होता. आपण शुद्धलेखनाच्या चुकांना हातही लावला नाहीत; तिसऱ्या पानावरील एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत आणि म्हणालात, "इथे तुला काहीतरी सांगायचे आहे, इथून पुढे लिही."

मोल्सवर्थ या इंग्रज कोशकाराचा मराठी-इंग्रजी कोश मी वर्षानुवर्षे हाताळत होते, पण त्याच्याकडे कसे पाहावे हे आपण शिकवलेत. १८३१ च्या पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,०००. उरलेल्या वीस हजारांसाठी मोल्सवर्थ अडून बसला असता, तर मधली २६ वर्षे लोकांच्या हाती काय राहिले असते, असे आपण विचारलेत. माझे दुसरे प्रकरण त्याच रात्री सुरू झाले.

बांधणी झाल्यावर पृष्ठ ११२ वर एक वेलांटी चुकलेली दिसली. पोटात गोळा आला. तरी पान बदलले नाही, शुद्धिपत्रात नोंद केली. ती प्रत घेऊन या शनिवारी येत आहे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी